लंगड्या बदकाच्या घराचा आराखडा

१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. त्या वेळी माझ्या चार कोपऱ्यांत चार पिना टोचल्या गेल्या आणि सहा वर्षांनंतर माझ्यावर पुन्हा कागद चढला.

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. माझी लांबी सव्वा मीटर. ज्या सुताराने मला घडवले, त्याने मऊ लाकडाच्या फळ्या जोडून माझा पृष्ठभाग तयार केला आणि डाव्या कडेला काळ्या, कठीण लाकडाची पट्टी बसवली. त्या पट्टीला टेकून आडव्या रेघा मारायचा टी-स्क्वेअर वर-खाली सरकतो. माझ्या पाठीला त्याने दोन आडव्या पट्ट्या दिल्या. त्यांचे स्क्रू मात्र घट्ट भोकांत न बसवता लांबट खाचांत बसवले. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर ते पिळवटते.

माझे मालक तंत्रनिकेतनात शिकत असताना मी त्यांच्याकडे आलो. पुढे ते पंप बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाले आणि कित्येक पंप लोखंडात उतरण्याआधी माझ्यावर रेघांत उतरले. कारखान्याचे मोठे साहेब घरी आले, की माझ्यावरचा कागद पाहून म्हणत, "रेघ असावी तर अशी!" मी त्यातली निम्मी स्तुती स्वतःकडे ठेवून घेत असे.

मग कारखान्यात संगणक आला. एके दिवशी मालकांनी मला स्वच्छ पुसले, कपाटामागे उभे केले आणि माझे तोंड भिंतीकडे केले. त्यात राग नव्हता, पण तोंड भिंतीकडेच होते.

तिथून मला दिसत काहीच नव्हते, फक्त ऐकू येत असे. मालकीणबाई आजारपणात गेल्यावर घरात दोनच माणसे उरली होती: मालक आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. मालक तिला लाडाने ठमाबाई म्हणत. चार वाजता कुलपात किल्ली फिरे, दप्तर खाली पडे, नळ वाहून थांबे, नंतर शांतता. कधी ती शाळेतली एखादी गंमत मोठ्याने सांगे, स्वतःच हसे आणि मध्येच गप्प होई. आपण कपाटाशी बोलतो आहोत, असे तिला वाटत असावे. ऐकत मी होतो. मालक अंधार पडल्यावर येत. रिकाम्या घरापेक्षा त्यांना जादा काम सोपे वाटू लागले होते.

आणि एका बुधवारी घरात तिसराच आवाज आला. पॅक, पॅक.

"ठमाबाई, हे काय?"

"बदक आहे, बाबा."

"ते दिसतंय मला. आपल्या घरात काय करतंय?"

"लंगडतंय."

गल्लीच्या टोकाला राहणारे टपालवाले काका घर सोडून दुसऱ्या गावी गेले होते. त्यांची बाकीची बदके लोकांनी नेली. हे एका पायाने अधू असलेले मागे राहिले आणि ठमाबाईने ते काखोटीला मारून आणले.

शेजारच्या काकू कुंपणावरूनच म्हणाल्या, "भावजी, आज बदक आणलंय, उद्या हत्ती आणेल हो ही कार्टी! आणि घाण कोण काढणार?"

"मी काढीन. बाबा, ठेवू ना? बाबा!"

"गयावया करून माझ्याकडून काही मंजूर होत नसतं," मालक म्हणाले. "कुठे ठेवणार, पाणी कुठून वाहून जाणार, सगळं कागदावर दाखव. रविवारपर्यंत मुदत. नाही पटलं, तर दुसरी सोय बघू."

दुसरी सोय म्हणजे नाक्यावरचा कोंबडीवाला, हे ठमाबाईला न सांगता कळले होते.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतून येताच सारी ताकद लावून मला कपाटामागून ओढून काढले. सहा वर्षांनी प्रकाश दिसला तेव्हा माझ्यासमोर नाकाला धूळ लागलेली एक मुलगी होती आणि तिच्या पायाशी ते बदक.

पहिला आराखडा मालकांनी लाल पेन्सिलीने परत केला. "जमिनीला उतार कुठाय? पाणी साचलं की पाय सडतील. त्याचा आधीच एक पाय कामाचा नाही." दुसऱ्यात उतार होता, पण दाराला उंबरठा होता. "लंगड्याला उंबरठा?" एवढेच ते म्हणाले. ठमाबाईने खोडरबर उचलला.

शनिवारी दुपारी तिसरा आराखडा तपासायला आला. मोजमापे बरोबर होती, उतार बरोबर होता, उंबरठ्याच्या जागी उतरती फळी होती. लाल पेन्सिल एकेका रेघेवरून सरकत गेली आणि खुराड्याबाहेरच्या एका लहानशा चौकोनापाशी थांबली.

"हा चौकोन कसला?"

ठमाबाई खोडरबर बोटांत फिरवू लागली.

"नाव नसलेली वस्तू आराखड्यात चालत नाही, ठमे. बांधणाऱ्याने काय समजायचं? खांब? हौद?"

तिने पेन्सिल घेतली आणि माझ्यावर वाकून सावकाश लिहिले: बसण्याची जागा, नग: १.

"अगं, बदक जमिनीवर बसेल की!"

"बदकाची नाही. माझी आहे," ती म्हणाली. "चार वाजल्यापासून तुम्ही येईपर्यंत बसायला."

मालकांचा हात मी तरुणपणापासून ओळखतो. त्याचा दाब कधी कमी-जास्त झाला नाही. त्या दुपारी मात्र लाल पेन्सिलीचे टोक एकाच ठिकाणी इतके रुतले, की कागदाखालीही मला त्याचा खळगा पडला. तो आजही आहे. मग त्यांनी टी-स्क्वेअर बाजूला सारला, त्या चौकोनाला चिकटून नुसत्या हाताने दुसरा चौकोन काढला, एकचा आकडा खोडला आणि दोन लिहिला.

"जादा काम बंद. साडेपाचला येत जाईन."

"आणि बदक?"

"मंजूर," ते म्हणाले आणि कोपऱ्यात रीतसर सही केली.

रविवारी परसात खुराडे उभे राहिले, पण बसण्यासाठी फळी उरली नाही. मालकांची नजर माझ्याकडे वळली. करवत हातात पाहून माझा जीव टांगणीला लागला होता, परंतु ते म्हणाले, "याला कापायचं नाही. दोघांना पुरेल एवढा आहे." माझ्या पाठीच्या पट्ट्यांना चार पाय लागले, अंगावर वॉर्निशचे दोन हात फिरले आणि मी बाक झालो. खाचा त्यांनी तशाच ठेवल्या.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. वर शाळेच्या गमती चालत, आता त्या अर्ध्यात तुटत नसत. खाली माझ्या सावलीत बदक पाय पोटाशी घेऊन झोपे. काकूही कुंपणावरून भाजीची देठे टाकत आणि वर म्हणत, "घ्या, तुमच्या हत्तीला!"

ते बदक म्हातारे होऊन एका थंडीत गेले. ठमाबाई शिकली आणि नोकरीसाठी दूर गेली. तिचे फोन येतात. मला ऐकू येते ते फक्त मालकांचे "हो, जेवलो" आणि "नाही, बरा आहे". माझे वॉर्निश उडाले आहे, एक पाय डुगडुगतो. मालक अजूनही साडेपाचला परसात येतात. एकटेच असतात, तरी कधी मधोमध बसत नाहीत. उजव्या टोकाला बसतात आणि खुराड्याशी थोडे बोलतात. ऐकतो मी.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वर्षातून एकदा पुसा, वॉर्निश लावा, तिचे तोंड भिंतीकडे करू नका. आणि घरातले कोणी काही मागू लागले, लहान असो वा म्हातारे, तर मागितलेली वस्तू पाहून थांबू नका. त्याच्या आराखड्यात नाव न लिहिलेला एखादा चौकोन असेल, तो विचारून घ्या. कधीकधी माणूस तो स्वतःहून सांगत नाही.

तो कागद मालकांनी खुराड्याच्या दाराला आतून चिकटवला होता. रेघा विटल्या आहेत. लाल आकडा तेवढा वाचता येतो. बसण्याची जागा, नग: २.