तुळशीरामदादांच्या पायातला आवाज

मित्रांनो, मी खिशात मावणारा एक जुना डॉप्लर आहे. पेनासारखी एक कांडी आणि वायरीच्या टोकाला स्पीकरची डबी, एवढाच माझा पसारा. कांडीतून मी तुम्हाला ऐकू न येणारा आवाज अंगात पाठवतो. वाहत्या रक्तावर आपटून तो बदलून परत येतो आणि मी तो सगळ्यांना ऐकवतो. रक्त जोरात धावत असेल तर 'हुश्श-हुश्श', थकलं असेल तर नुसतं 'सूं'.

पनवेलच्या डॉक्टर भाविकाबाईंनी मला नवाकोरा असताना घेतलं. दंडाला पट्टा, घोट्याला पट्टा आणि दोन्हीकडचा दाब मोजायला मी. घोट्याचा दाब दंडापेक्षा बराच कमी भरला, तर पायाची रक्तवाहिनी बुजत चालली असं समजायचं. "याचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत," असं बाई सगळ्यांना सांगायच्या आणि मी फुगून जायचो. मग रंगीत पडद्याचं मोठं मशीन आलं आणि माझी रवानगी खणात झाली. तपासताना माझ्या तोंडाला लावतात ती जेलीसुद्धा कुणी पुसली नाही. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी गव्हाण गावात आरोग्य शिबिर भरलं. मोठं मशीन तिथे नेता येईना, म्हणून बाईंनी मला पिशवीत टाकलं. तपासायला तुळशीरामदादा आले, जन्मभर मिठागरात राबलेले. सोबत बायको चंद्रावती. दादांचा डावा पाय गार पडला होता, म्हणून त्यांनी तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून शेक घेतला होता. पायाला चटका कळलाच नाही. दोन बोटं भाजून काळी पडली होती.

"आमी मिठातलीच माणसं, डॉक्टरबाय. दुखलं-खुपलं की मीठच," दादा म्हणाले.

बाईंनी घोट्याशी बोटं टेकवली. नाडी लागेना. मग जेली लावून मला टेकवलं. मी गप्प. जुन्या जेलीची खपली तोंडावर घट्ट बसली होती.

"पाय मेला का?" चंद्रावतीने विचारलं. "कापायचा हाय का?"

 बाईंनी मला डोळ्यांजवळ धरलं आणि त्या ओशाळल्या. "चूक माझी आहे, मावशी. जरा थांबा."

ओल्या कापसाने त्यांनी माझं तोंड पुसलं, ताजी जेली लावली आणि कांडी तिरकी धरून केसभर सरकवली.

'सूं... सूं...'

"हे तुमच्या पायातलं रक्त. बारीक आहे, पण आहे. आत्ताच मोठ्या इस्पितळात निघायचं."

"मीठ काढायचं हाय. चार दिसांनी जातो," दादा पुटपुटले.

"नाय!" चंद्रावती उठलीच. "मी ऐकलाय तो आवाज. आताच चला."

त्याच दिवशी रक्तवाहिनी मोकळी केली. भाजलेली दोन बोटं गेली, पण पाय वाचला.

मित्रांनो, पाय असा गार पडला तर शेकत बसू नका, लगेच दाखवा. आणि काम झालं की माझ्यासारख्याचं तोंड तेवढं पुसून ठेवा. दादांच्या पायात रक्त वाहत होतं आणि मी मुकाट्याने 'नाही' म्हणत होतो. त्याची मला आजही शरम वाटते.