हात न लागलेल्या दोन ओळी

शेडनेटच्या दारात मुंगीलाही वाट नव्हती. आत दूधबाबा सुकलेल्या टोमॅटोचं खोड पाण्याच्या ग्लासात धरून उभे होते आणि खोडाच्या कापलेल्या टोकातून पांढरा दोरा हळूहळू खाली उतरत होता. सगळ्यांचे श्वास जणू त्या दोऱ्याला बांधलेले.

"बघा, दृष्ट दूध होऊन वाहतेय," बाबा म्हणाले. "झाडाच्या पोटातलं पाप आहे हे. माझ्यापुढे लपून राहील?"

"बाबांकडे पापसुद्धा सायीसकट निघतं," एक म्हातारी हात जोडून म्हणाली. तिला हे कौतुकानेच म्हणायचं होतं.

दोन बाटल्या पोटाशी धरून, कोपरांनी वाट काढत धाकटी आत आली. शेड तिच्या थोरल्या बहिणीची. नवरा गेल्यापासून ताईने या बारा ओळी तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. त्यातल्या दहा आता माना टाकून उभ्या होत्या. पानं हिरवीच, पण उकडलेल्या भाजीसारखी लोळागोळा.

बारा दिवसांपूर्वी कोपऱ्यातलं एकच झाड सुकलं होतं. बाबांनी ते कापून असंच दूध काढलं, बादलीभर पाण्यात मिसळलं आणि सांगितलं, औषध आत जायला दार लागतं. म्हणून ताईने त्यांच्याच चाकूने प्रत्येक झाडाला मुळाशी चीर दिली आणि वाटी वाटी पाणी ओतलं. दहाव्या ओळीला बादली संपली. राहिलेल्या दोन ओळींसाठी ती तेव्हापासून झुरत होती. आज त्या पुऱ्या करायलाच बाबांना बोलावलं होतं.

"ताई, तो चाकू ठेव खाली," धाकटी म्हणाली.

"आलीस का परत?" ताई फणकारली. "चार बाटल्या विसळल्या म्हणून कोणी डॉक्टर होत नाही."

"नाही होत. पण प्रयोगशाळेत कुठली बाटली कशाने घाण झाली ते मी रोज बघते. हे दूध म्हणजे जिवाणू आहेत. झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्यांत तुंबून बसतात, म्हणून मातीत ओल असून झाड तहानेने मरतं. खोड पाण्यात धरलं की असेच बाहेर ओघळतात. रोग ओळखायला आमच्याकडे हेच करतात, जांभया देत देत."

मागे कोणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. "विधी अपुरा राहिला, म्हणून दहा ओळी रुसल्या."

"मग ज्यांना विधी मिळालाच नाही, त्या दोन का नाही रुसल्या?"

सगळ्यांनी पहिल्यांदाच तिकडे पाहिलं. पांढऱ्या दोऱ्याच्या नादात हिरव्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. शेवटच्या दोन ओळी ताठ उभ्या होत्या.

"त्यांचं दुखणं आत आहे," बाबा म्हणाले.

"मग कापा त्यातलं एक. दूध निघालं तर जन्मभर तुमचे ग्लास विसळते."

"चांगलं झाड कापायला लावतेस?"

"चांगलं. तुम्हीच म्हणालात."

बाबांचा चाकू ताईने टाकला, धाकटीने खिशातून काढलेला स्वच्छ चाकू घेतला, अकराव्या ओळीतलं एक झाड कापलं आणि खोड ताज्या पाण्यात धरलं. बराच वेळ धरलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "एकेका झाडाला चीर देऊन मीच पाजलं."

धाकटीला खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "हो ताई. फसवलं त्यांनी, पण हात तुझे होते."

मग तिने बाटल्या पुढे केल्या. "चार दिवसांपूर्वी तू मला हाकललंस, तेव्हा जाताना एक सुकलेलं झाड आणि शेडबाहेरच्या चरातलं पाणी नेलं होतं. दोन्ही बाटल्यांत त्याच झाडाचे जिवाणू वाढवले. ही गढूळ राहिली. हिच्यात चरातलं पाणी बारीक गाळून टाकलं, ही निवळली. जिवाणू माजतात तिथे त्यांना मारणारे विषाणूही सापडतात. जिवाणूत शिरतात, आत वाढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात."

"मंतरलेलीच म्हण की बाटली," म्हातारी म्हणाली. "दे दोन थेंब गुडघ्याला."

"आजी, हे गुडघ्याचं नाही. या एका जिवाणूपलीकडे हे कोणाला ओळखत नाही. उन्हात टिकत नाही, म्हणून दिवस कलल्यावर मुळाशी घालायचं. आणि मेलेलं झाड यानं उठत नाही."

"माझ्या दहा ओळी?" ताईने विचारलं.

"उपटून जाळायच्या."

"आणि या दोन?"

"वाचतील असं वचन देत नाही. आज घालू, रोज मोजू."

तोवर बाबा चाकू उचलून शेजारच्या शेडकडे निघाले होते. गर्दीही निम्मी त्यांच्यामागे. ताई तशीच मातीच्या पायांनी धावली आणि शेजाऱ्याच्या दारात आडवे हात पसरून उभी राहिली.

"माझ्या मेलेल्या ओळी बघू नका," ती धापा टाकत म्हणाली. "बाबा जिथे पोचले नाहीत त्या बघा. कोणीही चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, ज्याला हात लावला नाही त्याचं काय झालं?"

बाबा तिच्या हाताखालून वाकून आत गेले. त्यांच्यामागे चौघे गेले. बाकीचे घुटमळले. शेवटी म्हातारीनेच विचारलं, "कुठे आहेत गं त्या दोन ओळी? नीट दाखव."