सात नंबरचा रकाना

ताईनंच धाकटीला त्या इस्पितळात आणलं होतं. ताई तिथल्या कॉम्प्युटर विभागात स्टोरेजची प्रमुख. म्हणजे एक्स-रे, स्कॅन, रक्ताचे अहवाल, सगळं ज्या डिस्कच्या कपाटांवर साठवलं जातं, ती कपाटं तिच्या ताब्यात. धाकटी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. मुलाखतीला ताई मुद्दाम बसली नव्हती, पण आदल्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिनं धाकटीकडून तीन तास सगळं घोकून घेतलं होतं. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "आता दोघी एका छपराखाली. मला घोर नाही."

विभागातही दोघींना थोरली आणि धाकटी हीच नावं पडली. धाकटीचं काम नजर ठेवण्याचं. दर पाच मिनिटांनी कपाटाकडून आकडे घ्यायचे: किती मागण्या आल्या, प्रत्येकीला उत्तर द्यायला किती वेळ लागला, कुठली डिस्क दमली. त्यासाठी तिनं स्वतः एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता, आणि त्याचे आलेख तिच्या टेबलासमोरच्या पडद्यावर दिवसभर सरकत असायचे. ताई येता-जाता थबकायची. "काय म्हणतोय आपला पेशंट?" धाकटी म्हणायची, "खाऊन-पिऊन सुखी."

मग नवं स्कॅन मशीन आलं. एकेका तपासणीची हजार-दीड हजार चित्रं. सकाळी दहा वाजले की आलेख जो चढायचा तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली यायचं नाव घ्यायचा नाही. एक्स-रे विभागाच्या डॉक्टरीणबाई एक दिवस स्वतः दोन जिने उतरून आल्या.

"फोनवर सर्जन ताटकळलेला असतो आणि माझ्यासमोर चित्र उघडत नाही. अर्धं मिनिट! तोवर मी काय भिंतीकडे बघत बसू? की अंदाजानं सांगू, कापा म्हणून?"

धाकटी आठवडाभर आकड्यांत डोकं घालून बसली. डिस्क धडधाकट होत्या. केबली ठीक, मेमरी पुरेशी. तरी जेवढं लिहायला सांगितलं जात होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट काम कपाट करत होतं. कुणासाठी?

शेवटी तिची नजर एका कोपऱ्यातल्या मोजणीवर गेली, जी सहसा कुणी उघडत नाही. लिहिण्याची प्रत्येक मागणी कपाटाच्या कप्प्यात नेमकी कुठून सुरू होते, याची ती मोजणी. शून्य ते सात असे आठ रकाने. सगळं जागच्या जागी असेल तर सगळी मोजणी शून्याच्या रकान्यात पडते. इथे शून्यात जवळपास काहीच नव्हतं. सगळं सातात.

म्हणजे गाड्या लावायच्या जागेत पहिलीच गाडी आखलेल्या रेघेवर उभी राहावी, तसं झालं होतं. एकदा ती चुकली की मागची प्रत्येक गाडी दोन जागा अडवून बसते. कपाटाला दर वेळी एकाऐवजी दोन कप्पे उघडावे लागत होते, दोन्ही वाचावे लागत होते, दोन्ही परत लिहावे लागत होते. जुन्या मशीनवरून सगळा साठा इकडे आणताना ही चूक जशीच्या तशी उचलून आणली गेली होती. भार कमी होता तोवर ती खपून गेली.

धाकटी उड्या मारतच ताईच्या केबिनमध्ये गेली. ताईनं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कुणाकुणाला दाखवलंस?"

"तुलाच पहिल्यांदा."

"बरं केलंस. सोमवारी मोठ्या साहेबांची मीटिंग आहे, त्यात मीच मांडते. आकडे मला पाठवून ठेव. आणि तोवर कुठे बोलू नकोस, उगाच बोभाटा नको." मग ताईनं तिच्या गालाला हात लावला. "हुशार आहेस गं."

तो शनिवार-रविवार धाकटीचा फार छान गेला.

सोमवारी मोठे साहेब म्हणजे अख्ख्या विभागाचे प्रमुख मध्ये बसले होते, डॉक्टरीणबाई त्यांच्या उजव्या हाताला. ताईनं उभं राहून आलेख लावला. आलेख धाकटीचाच होता, पण रकान्यांची मोजणी त्यात नव्हती.

"कपाटावर जादा भार पडतोय, हे खरं आहे," ताई म्हणाली. "कारणही सापडलंय. आपल्याकडे नजर ठेवायला जो प्रोग्राम चालतो, तो दर पाच मिनिटांनी कपाटाला प्रश्न विचारून हैराण करतो. उत्साहाच्या भरात लिहिलाय, तपासून घेतलेला नाही. माझी बहीण आहे म्हणून मी पाठीशी घालणार नाही. आजपासून तो बंद करावा, असं मला वाटतं."

मोठ्या साहेबांनी कौतुकानं मान हलवली. अशी कर्तव्याला जागणारी माणसं हल्ली कुठे दिसतात, असा तो चेहरा होता. डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, ताईचं आणखी एखादं वाक्य बाकी असेल. ते येईपर्यंत खुर्च्या सरकल्यासुद्धा.

पॅसेजमध्ये तिनं ताईला गाठलं. "ताई, काय होतं हे?"

"हळू बोल. काही दिवसांचा प्रश्न आहे. तुला कुणी काढतंय का? तू नवी आहेस, तुझ्या नावावर एक चूक खपून जाईल. माझी बारा वर्षं आहेत इथं."

"पण चूक माझी नाहीये ना!"

ताई लिफ्टमध्ये शिरली.

धाकटीची रवानगी तक्रारींच्या फोनवर झाली. पडद्यावरचे आलेख बंद पडले, आणि आलेखच नाही म्हटल्यावर अहवालात कपाटाची तब्येत सुधारली. फोन मात्र वाजत राहिला. चौथ्या दिवशी पलीकडून डॉक्टरीणबाई होत्या. "बंद केला ना तुमचा प्रोग्राम? मग अजून का रडतंय ते?" धाकटी म्हणाली, "बघते." तिला तरी अजून वाटतच होतं की ताईची काहीतरी गल्लत झाली असेल. गल्लत कुणाचीही होते.

पुढच्या आठवड्यात जुनं टेबल रिकामं करताना तिला कपाटाच्या कंपनीच्या इंजिनिअरच्या भेटींचे अहवाल लावलेली फाइल सापडली. चार वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'साठ्याचे चारही मोठे भाग जागेवर बसलेले नाहीत. साठा हलवण्याआधी दुरुस्त करणे. न केल्यास भार वाढल्यावर त्रास होईल.' खाली 'वाचले' असं लिहून सही. ताईची ती लांब शेपटीची सही धाकटी शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ओळखत होती. बाबा फिरतीवर असले की तीच करायची.

तारीख पाहिली आणि ती तिथेच खुर्चीत बसली. तो बाबांचा शेवटचा आठवडा. धाकटी परीक्षेला परगावी होती, तिला कुणी कळवलंही नव्हतं. ताई एकटी अतिदक्षता विभाग आणि ऑफिस यांच्यात धावत होती, साठा हलवायची तारीख डोक्यावर होती. त्या आठवड्यात कुणीही हेच केलं असतं. त्या सहीबद्दल तिला राग आलाच नाही.

पण मीटिंगच्या दिवशी ताईला सगळं माहीत होतं. रकाने बघायच्या आधीपासून माहीत होतं. गल्लत नव्हती ती.

ती फाइल घेऊन केबिनमध्ये गेली. ताईनं पान पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ठेव तो कागद जागेवर."

"तू मला आधी सांगितलं असतंस तर..."

"तर काय केलं असतंस?"

"तुझ्या बाजूनं उभी राहिले असते."

"मग राहा की आता."

धाकटी म्हणाली, "तू स्वतः साहेबांना सांग. मी शेजारी बसते. बाबांचं आजारपण सांग, ते काही राक्षस नाहीत. शुक्रवारपर्यंत थांबते."

ताईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. धाकटीनं फाइल जुन्या टेबलाच्या खणात ठेवली, कारण ताईनं जागेवर ठेव म्हटलं होतं. बुधवारी पाहिलं तर खण रिकामा होता. पानाचा फोटो तिनं काढलेला नव्हता. सख्ख्या बहिणीशी बोलताना फोटो काढून ठेवायचा असतो, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे तिला त्या रिकाम्या खणापुढे उभं राहून कळलं.

शुक्रवार आला. ताई तिच्या टेबलासमोरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मोबाइलमध्ये बघत गेली.

धाकटीनं कागदाचा नाद सोडला. कपाट तर खोटं बोलत नव्हतं. सोमवारी सकाळी ती डॉक्टरीणबाईंना घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांच्या परवानगीनं तिनं एक छोटा भाग नव्यानं, बरोबर जागेवर बसवला. तेच शंभर स्कॅन त्यावर उतरवले. मग साडेदहाच्या गर्दीत डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आता हे उघडा."

जुन्या जागेवरून एकतीस सेकंद लागले. नव्या जागेवरून चार.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा उघडून पाहिलं. मग तिसऱ्यांदा, साहेबांना दाखवत. धाकटीनं रकाने दाखवले, गाड्यांचं उदाहरण दिलं. साहेब ऐकत राहिले, आणि ती ज्या प्रश्नाला घाबरत होती तो त्यांनी विचारला.

"थोरलीला हे ठाऊक होतं?"

"हो," धाकटी म्हणाली. "मीटिंगच्या आधी मी त्यांना दाखवलं होतं."

चार वर्षांपूर्वीच्या पानाबद्दल ती बोलली नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

पाच रविवार लागले. एकेक भाग नव्यानं बसवून साठा हलवायला धाकटी सकाळपासून बसायची. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. ताईकडून स्टोरेज काढून घेतलं आणि तिला तिसऱ्या मजल्यावर सामानाच्या नोंदींचं काम दिलं. तिनं घरी काय सांगितलं कोण जाणे. धाकटी संध्याकाळी घरी आली तर आई दारातच उभी होती.

"जिनं तुला बोट धरून तिथं नेलं तिचंच नाव सांगितलंस?"

"आई, तिनं चारचौघांत माझ्यावर खापर फोडलं. खोटं बोलून."

"थोरली आहे ती. बोलली असेल एखादा शब्द. बाबांच्या वेळी एकटीनं काय काय निस्तरलंय तिनं, तुला काय माहीत?"

धाकटीला माहीत होतं. तारखेसकट माहीत होतं. सही, पान, रिकामा खण, सगळं ओठांवर आलं. आईच्या हातात अर्धवट घडी केलेली चादर होती. धाकटीनं तिचं दुसरं टोक धरलं, दोघींनी ती घडी पुरी केली आणि आई ती घेऊन आत गेली.

त्यानंतर ताईनं घरी येणं सोडलं. आईच तिच्या घरी जायची.

महिन्याभरानं धाकटीला नव्या डिस्क मागवायच्या होत्या, म्हणून तिसऱ्या मजल्यावर जावं लागलं. ताई खिडकीपाशी बसली होती. केस कापले होते, तिला शोभत होते. धाकटी तसं म्हणणारच होती. ताईनं तिच्या हातातला अर्ज घेतला, वाचला, शिक्का मारला आणि तिच्यापुढे सरकवला.

"खाली सही राहिली आहे तुमची," ताई म्हणाली. "तेवढी करा, मॅडम."

जन्मात कधी ताईनं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. धाकटीनं पेन मागितलं. ताईनं दिलं. तिनं सही केली, पेन परत ठेवलं आणि "थँक्यू, मॅडम" म्हणून ती जिन्याकडे वळली. लिफ्ट उघडी उभी होती, पण आत दोन ओळखीची माणसं होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.