विमानाचे अश्रू

मळवलीच्या माळावर मांडव घातला होता आणि मांडवाच्या मधोमध, दोरीला टांगलेलं, पत्र्याचं एक विमान झुलत होतं. चाकं पोटाला चिकटलेली. खाली अधांतरीबाबा एक पाय दुमडून, हातात पेटत्या कापराची आरती घेऊन उभे होते.

"आकाशमाते, सोड चाक! सोड चाक!" बाबा गरजले.

आरती विमानाच्या पोटाखाली फिरत राहिली. पोटातून दोन थेंब ठिबकले, तोच बाबांनी दुमडलेला पाय धाडकन जमिनीवर सोडला. खट्! चाकं खाली. मांडव टाळ्यांनी दणाणला. थेंबांसाठी बायाबापड्यांची झुंबड उडाली. हे म्हणे विमानाचे अश्रू. चाकाला लावले की वाहन दगा देत नाही. मुक्ताबाईंनी तर कालचे थेंब आपल्या शिलाई मशीनच्या चाकालाही चोळले होते.

गर्दीत उभ्या अनघाला हसावं की रडावं कळेना. ज्या विमानाच्या नावानं हा सोहळा चालला होता, त्यात ती स्वतः होती.

अनघा याच गावची. दूरच्या एका संस्थेत ती वैमानिक व्हायला शिकत होती. मागच्या आठवड्यात प्रशिक्षक अतुल सरांबरोबर उतरताना विमानाचं पुढचं चाक बाहेर येईना. अखेर दोघं सुखरूप उतरली. तिनं घरी फोन करून एवढंच सांगितलं, "चाक अडकलं होतं, पण उतरलो." वडिलांनी, म्हणजे सोपानने, ते गावभर केलं. दुसऱ्याच दिवशी बाबांनी जाहीर केलं, "काल माझा पाय आखडला होता तो काय उगाच? इथं बसून चाक ओढत होतो मी! विज्ञान जिथं थकतं, तिथं माझा पाय सुरू होतो!"

सुटीवर आलेल्या अनघानं शेजारी हात जोडून उभ्या वडिलांना विचारलं, "आबा, जीपचे ब्रेक दाखवले का?"

"आता कशाला? चारी चाकांना आसू लावल्यात. उद्या लोणावळ्यास्नं पाव्हणं घेऊन घाट उतरायचाय."

अनघा गर्दीतून थेट पुढे गेली.

"हीच ती पोर!" बाबा आनंदले. "ये बाळ, पाया पड."

"पडते की. आधी माझ्यासमोर एकदा करून दाखवा. फक्त आरती मी धरते. मंत्र तुमचा, पाय तुमचा."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? संध्याकाळसाठी तयार ठेवलेलं दुसरं विमान शिष्यानं टांगलं. अनघा आरती घेऊन मांडवाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. बाबांनी मंत्र म्हटला, पाय सोडला. विमान ढिम्म. पुन्हा सोडला. ढिम्म.

"बाबा, दुसरा पाय बघा!" कोणीतरी सुचवलं.

बाबांनी तोही आपटला. मग दोन्ही पायांनी उड्या मारल्या आणि पोटरीत गोळा येऊन मटकन खाली बसले.

"इथं कोणीतरी अविश्वासू आहे!" ते कळवळून ओरडले.

"मीच आहे," अनघा म्हणाली. "पण बाबा, त्या दिवशी विमानातसुद्धा मीच होते. तेव्हा कसं काय चाललं?"

मांडवात खसखस पिकली. अनघानं आरती विमानाच्या पोटाखाली आणली आणि मोठ्यानं म्हणू लागली, "बे एके बे, बे दुणे चार..." बे पाचे दहाला थेंब ठिबकला, बे सक बाराला चाकं खट्कन खाली! थंड झालेला थेंब तिनं नखानं खरवडून सगळ्यांना दाखवला.

"हे मेण आहे. चाकं मेणानं चिकटवायची, खाली जाळ धरायचा. मेण वितळलं की चाकं आपल्या वजनानं पडतात. थेंब दिसला की बाबा पाय आपटतात."

"अगं बया!" मुक्ताबाई किंचाळल्या. "म्हनून माजं मशीन चिकाटलं व्हय!"

हसू ओसरल्यावर सोपानने चाचरत विचारलं, "मंग तुजं चाक कसं गं उतारलं?"

"हापशानं, आबा."

"इमानात हापसा असतोय?"

"आमच्या विमानात आहे. चाक उतरवणारी मोटर बंद पडली, तर दोन सीटच्या मधे हातपंपाचा दांडा असतो. सर विमान सांभाळत होते, मी हापसत होते. चाक घट्ट बसल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत." मग ती सगळ्यांकडे वळली. "यंत्र बिघडतं. बिघडलं की का बिघडलं ते विचारा आणि दुरुस्त करा. देवाला नमस्कार करायचा तर करा, पण ब्रेक मेकॅनिकलाच दाखवा."

तेवढ्यात बाबा लंगडत मांडवामागच्या रिक्षापाशी पोचले होते. कामशेतला सोड म्हणाले आणि आत बसण्याआधी हळूच विचारलं, "ब्रेक नीट लागतात ना रे?"

त्यांच्यामागोमाग आलेल्या सोपानने ते ऐकलं. त्यानं तिथल्या तिथं फोन करून उद्याची फेरी रद्द केली आणि मेकॅनिकला घरीच बोलावलं. संध्याकाळी मेकॅनिकनं चाक खोललं आणि ब्रेकचा झिजून पापुद्रा झालेला तुकडा सोपानच्या तळहातावर ठेवला.

"भ्यालीस का गं वर?" सोपानने अनघाला विचारलं. इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

"लय, आबा," अनघा म्हणाली. "हात थरथरत होते. सर म्हणाले, थरथरू देत, हापसत राहा."