फसली का हिजरी

नाणं ओळखायची ती स्पर्धा मी सुरू केली, म्हणून झाल्या गोष्टीचा दोषही माझाच. लातुरात आम्ही जुनी नाणी जमवणारे अकरा जण आहोत. दर महिन्याला एका रविवारी भेटतो आणि एकमेकांचं कौतुक कमी, खोड्याच जास्त काढतो. नोव्हेंबरात मी नवी टूम काढली. कापडी बटव्यात एक नाणं ठेवायचं, न बघता हात घालून चाचपायचं आणि ते कोणत्या इसवी सनाचं हे चिठ्ठीवर लिहायचं. ज्याचा आकडा सगळ्यात जवळचा, तो जिंकला.

खरं तर ही टूम मोहियोद्दीनभाईंसाठी होती. उदगीरला चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण आता दोन्ही डोळे गेल्यात जमा. स्पर्धेच्या दिवशी जिना चढताना त्यांनी माझा दंड धरला.

"अप्पा, पोरीला जबान देऊन आलोय. जेबा म्हणती, तुम्हाला दिसत न्हाई, कुणीबी फसवंल, सिक्क्यांची पेटी इकून टाकू. मी म्हणलं, आज माझी बोटं चुकली तर इक."

"आन् न्हाई चुकली तर?"

"मरंस्तोवर पेटी माझ्यापाशी. रोज सांजच्याला त्यांच्यावर हात फिरवतो, अप्पा. मला दुसरं वाचायला काय हाय?"

मला भरून आलं. तुम्हीच जिंकणार भाई, असं मी म्हणालोही.

बटव्यात मी निजामाचा चारमिनार छाप रुपया ठेवला होता. त्यावर उर्दू आकड्यांत सन होता, १३३७. माझा धंदा अर्जनवीसाचा. तहसीलीबाहेर बसून पस्तीस वर्षं निजामी काळचे जमिनीचे कागद वाचले. त्या कागदांवर फसली, म्हणजे शेतसाऱ्याचा सन असतो. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतो. तशी बेरीज करून मी १९२७ लिहिलं आणि पाकीट चिकटवून टाकलं.

मोहियोद्दीनभाईंचा हात बटव्यात बराच वेळ होता. ओठ हलत होते. मग ते हसले आणि मला म्हणाले, "लिवा, अप्पा. एकोणीसशे एकोणीस."

मी पाकीट फोडलं. भांड्यांच्या दुकानवाल्या हरिओमनं नुसत्या अंदाजानं १९२५ ठोकलं होतं, तो जिंकला. टाळ्या झाल्या. मोहियोद्दीनभाई खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"अप्पा, सन फसली धरला का हिजरी?"

चारचौघांत विचारलेलं मला झोंबलं. "भाई, पस्तीस वर्षं निजामाचेच कागद वाचत आलोय मी. आता तुम्ही मला सन शिकवता का?"

सगळे हसले. ते खाली बसले. "मंग माझंच चुकलं आसंल," म्हणाले.

दहा दिवसांनी वहीत त्या रुपयाची नोंद करायला बसलो आणि नाणं उलटं केलं. मागं राजवटीचं वर्ष होतं, आठवं. हा निजाम गादीवर बसला १९११ साली. त्याचं आठवं वर्ष १९२७ साली येईलच कसं? नाण्यावर हिजरी सन असतो, फसली नव्हे, आणि हिजरी १३३७ म्हणजे १९१९. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पन्नास नाण्यांवर मी हिजरीच वाचला आहे. त्या दिवशी हातानं कागदाची सवय चालवली आणि तोंडानं माज केला. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं उदगीर गाठलं. दार जेबानं उघडलं. पेटीचं विचारलं तर म्हणाली, नांदेडचा व्यापारी सोमवारीच घेऊन गेला, आणि नाणी सुटी सुटी विकलीसुद्धा.

"पेटी गेली त्याचं काही न्हाई, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तवापासून अब्बा कशालाच हात लावंनात. घासबी मीच भरवती. म्हणतेत, माझ्या बोटांवर आता भरोसा न्हाई."

मोहियोद्दीनभाई खाटेवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, पालथे. मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"भाई, तुमचं उत्तर बरोबर होतं. एकोणीसशे एकोणीसच. मी फसली धरलं. चूक माझी हाय."

त्यांनी मान वर केली. "पुन्यांदा बोला. जोरात बोला. जेबाला ऐकू जाऊ द्या."

मी जोरात बोललो. दारात उभी असलेली जेबा तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. मी म्हणालो, पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागतो, नांदेडला जाऊन मिळतील तेवढी नाणी परत आणतो.

"आता कुठं धुंडता? गेली ती गेली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"पन अप्पा," ते म्हणाले, "मी तुम्हाला इचारलं व्हतं."