पातळ खळ

दादाने गिटार टेबलावर ठेवली, तेव्हा धाकटीने दादाकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते गिटारच्या छातीवरच्या चिरेकडे. केसाएवढी बारीक, पण पार आरपार.

"काचेच्या कपाटात होती ना? वर दिवे, समोर एसी," ती म्हणाली. "लाकूड आहे दादा, हवेतलं पाणी पिऊन जगतं. तू तहानेनं मारलंस तिला."

"भाषण नको. पुढच्या शनिवारी मैफल आहे, ते मोठे वादक हीच वाजवणार आहेत. तुझ्याशिवाय कुणाला जमणार हे?"

"हेच एकदा चारचौघांत म्हण की."

दादा नुसता हसला आणि मागच्या दाराने आला होता तसाच मागच्या दाराने गेला.

गिटार तिची होती. बाबांनी जपलेल्या शेवटच्या फळीतून तिने अकरा महिने खपून ती घडवली आणि आत, पाठीच्या लाकडावर, तापल्या तारेने नाव डागलं: खारूताई. लहानपणी ती लाकडाचे तुकडे घरभर दडवायची, म्हणून बाबा तिला तशी हाक मारायचे. बाबा गेले, दुकान दादाकडे गेलं, आणि त्या नावावर दादाने स्वतःच्या नावाचं लेबल चिकटवलं. सहा वर्षं लोक त्याच्या हाताचे गोडवे गात होते. सहा वर्षं ती ते गिळत होती.

चिरेला घाई चालत नाही. भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज घालून तिने डबी गिटारच्या पोटात ठेवली, पेटी बंद केली. लाकूड हळूहळू प्यायलं, हळूहळू फुललं. रुसलेल्या जावा एकमेकींकडे सरकाव्यात तशा चिरेच्या कडा सरकल्या. चौथ्या दिवशी चीर मिटली. त्याच ओलीने लेबलही सुटून आलं होतं, आणि खाली खारूताई होती, जशीच्या तशी.

लाकूड असं फुगलेलं असतानाच सरस भरला, तर सभागृहाच्या कोरड्या हवेत ते आकसेल आणि ऐन मैफलीत फाटेल. दादाची अब्रू तिथेच चव्हाट्यावर. तिचा हात सरसाच्या भांड्यापर्यंत गेलासुद्धा.

"तुझं काय गं चुकलं यात," ती गिटारला म्हणाली आणि हात मागे घेतला.

डबी काढून दोन दिवस लाकडातली जादा ओल उतरू दिली, मग चीर सांधली, आतून ठिगळं बसवली. आयुष्यात इतकं चोख काम तिने केलं नव्हतं. शेवटी राहिलं लेबल. त्यासाठी तिने पिठाची खळ शिजवली, मुद्दाम पातळ. दमट हवेत धरून राहील, कोरड्या हवेत खपलीसारखी सुटेल अशी.

शनिवारी ती शेवटच्या रांगेत बसली. दादा पहिल्या.

तिसऱ्या गतीत गिटारच्या पोटातून फर्र असा आवाज आला. वादक थांबले. तारा छेडल्या, पुन्हा फर्र. त्यांनी गिटार उलटी करून हलवली, तसा एक कागद मांडीवर पडला. त्यांनी मोबाईलचा दिवा लावून आत डोकावलं. माईक चालूच होता.

"खारूताई," त्यांनी वाचलं. "ही कोण बुवा?"

सभागृहात हशा पिकला. वादकांनी कागद वाचला आणि पहिल्या रांगेत पाहिलं. दादाला उठावंच लागलं. कान लाल झाले होते. तो कॉलरमध्ये काहीतरी पुटपुटला.

"दादा," शेवटच्या रांगेतून आवाज आला, शांत, गोड. "जरा मोठ्यानं सांग. इथे मागे ऐकू येत नाही."