जहाजातली पहिली पंगत

मुरुडच्या बाजारात शंकरप्पांचं किराणा दुकान आहे. गल्ल्याच्या वर बसवण्णांची तसबीर, तिला रोज ताजा हार. बसवजयंतीला शंकरप्पा दरवर्षी भाषण करतात. आठशे वर्षांपूर्वी आपल्यात बाई आणि बाप्या एका पायरीवर बसले, असं सांगतात आणि टाळ्या घेतात. यंदाही घेतल्या. मग मिरवणूक झाली, घरी पाहुणे आले, बाप्यांच्या दोन पंगती उठल्या, आणि दुपारी पावणेचारला त्यांची बायको नीलाबाई पातेलं खरवडून गार हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायला बसली. तूप संपलं होतं. ती आठशे वर्षं ओसरीपर्यंत आली होती, चुलीपर्यंत काही पोचली नव्हती.

धाकटी सून मंजुश्री समोरच बसली होती. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, सासूच्या लग्नाला एक्केचाळीस. एक्केचाळीस वर्षांत ही बाई एकदाही पहिल्या पंगतीला बसली नव्हती, स्वतःच्या पोरांच्या लग्नातसुद्धा नाही. मंजुश्रीनं एकदा विचारलं होतं, तर नीलाबाई म्हणाली होती, अगं मला गरम सोसत न्हाई. मंजुश्रीला त्या उत्तराचा जेवढा राग आला तेवढा शंकरप्पांच्या भाषणाचासुद्धा आला नव्हता. माणसाला इतकं उपाशी ठेवायचं की त्यानं स्वतःच कारण शोधून द्यावं, म्हणजे ठेवणाऱ्याला काही लाज उरत नाही.

त्याच आठवड्यात सहलीचं निघालं. नांदेडला दिलेली लेक शिवांगी आणि जावई आदर्श मे महिन्यात येणार होते. शंकरप्पांची थोरली बहीण नागम्मा, जिला सगळं घर अक्का म्हणतं, उदगीरहून येणार होती. अंजूची, म्हणजे थोरल्या सुनेची पोरं मामाकडं जाणार होती. तेव्हा मोठ्या नऊ माणसांनी अहमदपूरच्या अलीकडं माळावर झालेल्या नव्या पार्कात जायचं ठरलं. त्या माळावर उन्हाळ्यात प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं, पण मालकानं मधोमध तीन मजली जहाज उभं केलं होतं. जहाजात गारेगार हॉटेल. बसून जेवायचं ठिकाण ते एकच. बाकी पत्र्याखाली टपऱ्या.

मंजुश्रीनं मोबाइलवर सगळं वाचून काढलं. बाहेरचा डबा आत नेता येत नाही. जहाजात खुर्ची नावावर मिळते. नोंदणी महिनाभर आधी सुरू होते आणि सुट्टीतल्या शनिवार-रविवारची दोन दिवसांत संपते. रात्रीच्या जेवणाला तिनं हे घरात सांगितलं. बाप्ये जेवत होते, अंजू वाढत होती.

शंकरप्पांनी भाकरी मोडता मोडता सुनेकडं बघितलं. "माझं नाव घालू नको बाई. जेवायला नंबर लावायला मी काय दवाखान्यात चाललोय का?"

थोरला उमाशंकर म्हणाला, लग्नाचा मुहूर्त काढलेला बघितलाय, भाताचा मुहूर्त काढणारी ही पहिलीच. मंजुश्रीचा नवरा अमरनाथ हसला, कारण भाऊ हसला होता. शिवांगीला फोन लावला तर तिनं तिथंच आदर्शला विचारलं, आणि जावईबापूंनी मागनं सांगितलं, बघू तिथं गेल्यावर. या तीन शब्दांवर आमच्याकडच्या बाप्यांचं अर्धं आयुष्य निघतं. तिथं गेल्यावर त्यांना काही बघावं लागत नाही, कारण कुणीतरी बाई आधीच बघून ठेवते.

मंजुश्री लबाड नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं चौघांना परत एकदा विचारलं, जावयाला शिवांगीकरवी, नाव घालू का. चौघांनी नाहीच म्हटलं. तिनं ते ऐकलं. लहानपणापासून ऐकायलाच तर शिकवलं होतं. मग तिनं पाच नावं भरली, दुपारी दीडची, एका तासाची वेळ घेतली, आणि सगळ्यात वर सासूचं नाव लिहिलं. घरच्या ग्रुपवर पावती टाकली, त्यात पाचही नावं स्पष्ट होती. उमाशंकरनं खाली हसरं तोंड टाकलं. वाचायची तसदी कुणी घेतली नाही.

सहलीच्या दिवशी त्रेचाळीस अंश ऊन होतं. सकाळी मजा आली. अक्का सत्तरीच्या, पण पाण्याच्या घसरगुंडीवरनं तीनदा खाली आल्या आणि चौथ्यांदा जायला निघाल्या तेव्हा अंजूनं हाताला धरून आणलं. एक वाजता मात्र सगळ्या पार्काला एकदम भूक लागली. टपऱ्यांपुढच्या रांगा झोपाळ्यांना वळसा घालून मागच्या भिंतीला टेकल्या. अर्धा तास उभं राहून पुढं पोचलेल्या माणसाला भजी संपल्याचं कळायचं, आणि तो शेजारच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा.

शंकरप्पा ते बघून वळले आणि सरळ जहाजाकडं चालू लागले. पाठीमागं उमाशंकर, आदर्श, अमरनाथ. त्यांच्या मागं बायका. चार बाप्ये पुढं आणि पाच बायका मागं, जशी या घराची वरात कायम निघते तशी.

जहाजाच्या दारात खलाशाची टोपी घातलेली एक पोरगी हातात टॅब घेऊन उभी होती. टोपी परदेशी, पोरगी चाकूरकडची. तिनं नाव विचारलं. शंकरप्पांनी मुरुडचे शंकरप्पा म्हणून सांगितलं, बाजारात सांगतात तसं. तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली की मुरुडची पाच माणसं आहेत, पण हे नाव त्यात नाही. उमाशंकरनं त्याचं सांगितलं. तेही नव्हतं. जावईबापूंनी तर सांगितलंच नाही, ते चपलेकडं बघत राहिले.

"पाच खुर्च्या हायत न्हवं?" उमाशंकर म्हणाला. "मग आम्ही चौघं बसतो. बायका मागनं बसतील. त्यांना सवय हाय."

पोरीनं टॅबवर परत एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली की सगळ्या खुर्च्या भरल्यात, जास्तीची एकही नाही. नावं बदलता येतात, पण ज्यांनी नोंदणी केली त्यांनी हो म्हणायला पाहिजे. मंजुश्री कोण?

सगळे मान वळवून बघायला लागले. मागं रांगेतली परकी माणसंसुद्धा बघायला लागली. अमरनाथ जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, मंजू, बदल की, जावई उन्हात हायत, चारचौघांत कशाला. त्याचा आवाज गोड होता. या घरात बाईला मागं सारायचं असलं की आवाज नेहमी गोडच होतो.

"न्हाई बदलत," मंजुश्री म्हणाली.

  मग तिनं सासूकडं बघितलं. नीलाबाई दोन पावलं मागं सरकली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणत होती, बसू द्या की त्यांना, आपलं काय, आपण नंतर. महिनाभराची धडपड, दोन वेळा विचारणं, ती पावती, सगळं त्या दोन पावलांवर येऊन अडकलं. सासू मागं सरली असती तर बाकीच्या चौघी कितीही जेवल्या असत्या, तरी तो घास मंजुश्रीच्या घशाखाली उतरला नसता.

तेवढ्यात अक्का कुणाला न विचारता दारातनं आत गेल्या. "मी बसले गं," आतनं आवाज आला. "माझे गुडघे दुखायलेत. शंकऱ्या, तुझं चालू दे."

शंकरप्पांना शंकऱ्या म्हणणारं माणूस जगात तेवढं एकच उरलं होतं. रांगेत कुणीतरी फसकन हसलं. शंकरप्पांचं तोंड लाल झालं आणि ते बायकोवर घसरले. जावई ताटकळत उभा असताना सासू जेवायला बसली, हे गावात कळलं तर काय तोंड दाखवशील, असं काहीबाही बोलले. त्यावर शिवांगी पुढं आली. तिनं शांतपणे सांगितलं, अप्पा, ह्यांना मी दोनदा विचारलं होतं. आदर्शनं मान हलवली. खरं कबूल करावं एवढी हिंमत त्याच्यात निघाली, हे त्याचं त्या दिवसाचं मोठं काम.

नीलाबाई मात्र अजून जागच्या जागी होती. ती त्या टोपीवाल्या पोरीला म्हणाली, "माझं नाव लिवलंय का खरंच?"

पोरीनं टॅब तिच्यापुढं धरला. नीलाबाई चौथी शिकलेली. तिनं एकेक अक्षर जोडत वाचलं, बोट न लावता, काच खराब होईल म्हणून. मग एकदा परत वाचलं. टॅब परत दिला आणि नवऱ्याकडं वळली.

"तुम्हीच म्हणलाव, माझं नाव घालू नको. मी भाकरी टाकत हुते. मी ऐकलं."

एवढंच बोलली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, तक्रारसुद्धा नव्हती.   नीलाबाई आत गेली. तिच्या मागं शिवांगी गेली, अंजू गेली. अंजूनं दारात नवऱ्याच्या हातात पाण्याची बाटली आणि ओल्या कपड्यांची पिशवी दिली, सांभाळा म्हणाली. शेवटी मंजुश्री गेली.

आत खरंच गार होतं. गोल खिडक्या होत्या, पांढऱ्या कापडाचं टेबल होतं, आणि प्रत्येक खुर्चीपुढं नावाची चिठ्ठी. अक्कांनी आपली चिठ्ठी आधीच बटव्यात घातली होती. वाढपी आला. त्यानं पहिलं ताट नीलाबाईपुढं ठेवलं. पुरी टम्म फुगलेली होती. तिनं बोटानं फोडली, वाफ निघाली, आणि तिनं हात मागं घेतला नाही. पहिला घास तोंडात गेला तेव्हा मंजुश्री तिच्याकडं बघत होती. नीलाबाईला गरम सोसत होतं. चांगलं सोसत होतं. तिनं चार पुऱ्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली, आणि ती आणताना गार झाली म्हणून परत पाठवली. अंजू हसून हसून ठसकली.

खिडकीतनं टपरीची रांग दिसत होती. चौघं बाप्ये डोक्यावर रुमाल टाकून उभे होते. पिशवी अजून उमाशंकरच्याच हातात होती. अमरनाथनं एकदा जहाजाकडं बघितलं, मंजुश्रीनं त्याला हात केला, आणि त्यानंही जरा ओशाळून केला. शंकरप्पा रांगेतल्या पुढच्या माणसाला काहीतरी विचारत होते. माणूस नुसता खांदे उडवत होता. शिवांगी म्हणाली, आई, तिकडं बघू नको, घास उतरायचा न्हाई. नीलाबाई म्हणाली, का न्हाई उतरायचा, आणि खिडकीकडं तोंड करूनच जेवली.

तासाला पंधरा मिनिटं उरली होती. वाढपी परत आला, टेबलापाशी वाकला आणि नीलाबाईला म्हणाला, "मावशी, अजून काय आणू?"

हा प्रश्न तिनं एक्केचाळीस वर्षं दिवसातनं दोनदा दुसऱ्यांना विचारला होता. तिला विचारलेला आज पहिल्यांदा ऐकला. उत्तराची घाई करायची पद्धत तिला माहीत नव्हती, आणि ती शिकायची तिला गरजही वाटली नाही. खुर्चीला पाठ टेकून तिनं शेजारच्या टेबलावरची ताटं नीट बघून घेतली. वाढपी थांबला होता. त्याला थांबू दिलं.

"त्यो पिवळा आइस्क्रीमचा गोळा हाय नं, आंब्याचा, त्यो आण," ती म्हणाली. "आधी दोन आण. चव बघते, मग सांगते."